किटली केवळ मापासाठी

छायाचित्रातल्या वस्तूशेजारी ज्ञात आकाराची दुसरी एखादी वस्तू नसेल, तर त्या छायाचित्राला पुराव्याचे मूल्य उरत नाही, असे सरांचे ठाम मत होते. हे मत त्यांनी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवताना मांडले, नातेवाइकांनी दाखवलेल्या सहलींच्या फोटोंवर मांडले आणि स्वतःच्या लग्नाच्या अल्बमवरही मांडले. अल्बमातला एकच फोटो त्यांना ग्राह्य वाटे. त्यात नवरीच्या शेजारी ते स्वतः उभे होते, आणि स्वतःची उंची त्यांना ठाऊक होती.

पुढे जे घडले त्याचे मूळ या मतात आहे. बाकी सगळ्यांनी आपापल्या परीने हातभार लावला, पण बी सरांचेच.

प्रश्न पंख्याचा होता. सरांच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग एका काचेच्या पेटीने व्यापला होता आणि पेटीत प्रयोगशाळेतला जुना तराजू होता. महाविद्यालयाने तो मोडीत काढला, तेव्हा सरांनी तो स्वतःच्या मांडीवर ठेवून रिक्षातून घरी आणला आणि वाटेत रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याआधी सूचना दिली. तराजू विलक्षण संवेदनशील होता. निवृत्तीनंतर सर त्यावर रोज सकाळी अंघोळीचा साबण तोलत, कारण साबण नेमका कोणत्या नियमाने झिजतो याविषयी शास्त्रीय वाङ्मयात त्यांना समाधानकारक काही सापडले नव्हते. पेटीच्या दाराला एक बारीक फट होती. त्या फटीतून पंख्याचा वारा शिरे आणि काटा थरथरे. म्हणून टेबलाच्या वरचा, छताचा पंखा लावायला बंदी होती. टेबलावर कोपर टेकायलाही बंदी होती. ठसका लागल्यास उठून खिडकीशी जाणे अपेक्षित होते.

सरांच्या पत्नीने, ज्यांना घरात आणि शेजारात सगळे बाईसाहेब म्हणत, हे सारे अनेक उन्हाळे सहन केले. पण त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि बहिणीचे पत्र नव्हे, थेट फोन आला की आम्ही दोघे राहायला येतोय.

"अहो," बाईसाहेब म्हणाल्या, "ताई घामाघूम होऊन जेवणार नाही. पंखा लागणार म्हणजे लागणार. तुमच्या तराजूला वारा सोसत नसेल तर त्याने दुसरं घर बघावं."

"तराजूला वारा सोसतो. अचूकतेला सोसत नाही."

"मग अचूकतेनेही घर बघावं. दोघं मिळून जा म्हणावं."

'दोघं' या शब्दाचा आवाका नेमका किती, हे सरांनी विचारले नाही. काही मापने न केलेली बरी असतात.

बाईसाहेबांचा धाकटा भाऊ, म्हणजे सरांचा मेव्हणा, तोडगा घेऊनच आला. तो इंटरनेटवरच्या लिलावात जुन्या वस्तू विकत असे. त्याने आजवर तीन पायांची खुर्ची, एकच बूट आणि दुसऱ्या कोणाची तरी बक्षिसाची ढाल विकली होती.

"भावजी, तिथे कचऱ्याचंही सोनं होतं."

"रसायनशास्त्राच्या दृष्टीने अशक्य आहे."

"तुमच्या नावाने खातं उघडून देतो. फक्त एक लक्षात ठेवा. स्टार जपायचे. गिऱ्हाईक खूश नसलं की स्टार कापतं आणि स्टार गेले की माणूस संपला. मग तुम्ही देवाचं विमान जरी विकायला काढलंत तरी कोणी बोली लावणार नाही."

सरांना देवाच्या विमानाविषयी दोन-तीन शंका होत्या. पण लोक आपल्या सचोटीला गुण देणार ही कल्पना मात्र त्यांना भावली. आयुष्यभर त्यांनी इतरांना गुण दिले होते आणि ते देताना हात आखडताच ठेवला होता. आता आपला पेपर तपासला जाणार, आणि तो अथपासून इतिपर्यंत बरोबर असणार, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

आणि मग छायाचित्रांची वेळ आली.

तराजूशेजारी मापासाठी काय ठेवावे, यावर सरांनी एक संपूर्ण सकाळ घालवली. नाणे झिजते. पट्टी केवळ लांबी सांगते, आकारमान सांगत नाही. आगपेटी कंपनीगणिक बदलते. अखेर त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या पिवळ्या किटलीवर स्थिरावली. एनॅमलची, गोलमटोल पोटाची, काळ्या मुठीची ही किटली बाईसाहेबांनी टेलिफोन खात्यातल्या पहिल्या पगारातून घेतली होती. घरातली बाकी प्रत्येक वस्तू सरांनी गुणधर्म तपासून निवडली होती. किटली तेवढी बाईसाहेबांनी आवडली म्हणून आणली होती. सरांच्या मते वस्तू घेण्याचे ते कारण नव्हे. पण उंची, व्यास, धारणक्षमता सगळे नीट मोजता येत होते आणि वस्तू घरातच होती.

पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, अशी छायाचित्रे सरांनी घेतली आणि प्रमाण एकच राहावे म्हणून प्रत्येकात किटली ठेवली. आता, मोबाईलच्या कॅमेऱ्याला काच दिसली की तो गोंधळतो. काचेवर नजर धरावी की काचेमागच्या तराजूवर, हे त्याला ठरवता येत नाही. मग तो दोन्हीचा नाद सोडून शेजारी जे काही ठळक, पिवळे आणि चकचकीत असेल त्यावर स्थिर होतो. त्यामुळे छायाचित्रांत तराजू धुक्यातल्या पुलासारखा दिसत होता. किटली मात्र अशी दिसत होती, की तिला हात लावायचा मोह व्हावा.

शीर्षकात सरांनी 'प्रयोगशाळेतील तराजू, काचेच्या पेटीसह' असे लिहिले. खाली तराजूचे दोष प्रामाणिकपणे मांडले: दाराला फट, एक पारडे किंचित वाकलेले, वजनांच्या संचातले सर्वांत लहान वजन एका शिंकेत हरवलेले. त्यानंतर, माप पडताळता यावे म्हणून, किटलीविषयी स्वतंत्र परिच्छेद लिहिला, आणि तो वरच्या परिच्छेदापेक्षा मोठा झाला. शेवटी संकेतस्थळाने विचारले, 'छायाचित्रे वस्तूचे खरे स्वरूप दाखवतात का?' सरांनी होकाराच्या चौकटीत खूण केली. ते खरेच होते.

वरच्या मजल्यावरचे विमावाले संध्याकाळी चहाला आले. त्यांनी आयुष्यभर विमा विकला होता आणि आता सल्ला विकत नसून वाटत असत.

"सर, 'दुर्मीळ' शब्द टाका."

"दुर्मीळ आहे हे सिद्ध कुठे झालंय?"

"मग 'बहुधा दुर्मीळ' टाका. आणि हे काय, किटलीच्या पोटावर तुम्ही दिसताय की! मोबाईल धरून, वाकलेले, घरच्या कपड्यांत. नाक केवढं आलंय!"

"बहिर्वक्र पृष्ठभाग आहे. जवळचा भाग मोठाच दिसणार."

"तसं लिहा मग खाली. नाहीतर लोकांना वाटेल नाकच तेवढं आहे."

सरांनी तसे लिहिले नाही. इथे त्यांचे चुकले असे विमावाले आजही सांगतात.

दुसऱ्या दिवसापासून प्रश्न येऊ लागले आणि सरांचा ऊर भरून आला. पहिलाच प्रश्न होता: 'किटलीच्या झाकणाचा व्यास किती?' कोणीतरी माप पडताळून पाहत होते! विद्यार्थ्यांच्या इतक्या पिढ्यांत कोणी त्यांना असा प्रश्न विचारला नव्हता. त्यांचे प्रश्न बहुधा 'हे परीक्षेत येणार का' एवढेच असत. सरांनी व्यास तीनदा मोजून सरासरी कळवली. मग कोणी विचारले, चोचीला टवका आहे का? सरांनी भिंगाने पाहून उत्तर दिले की टवका नाही, मात्र मुठीजवळ केसाइतकी एक चीर आहे आणि तिचा मापावर परिणाम होत नाही. कोणी विचारले, गळते का? हा तर मूलभूत प्रश्न होता, कारण गळक्या भांड्याच्या धारणक्षमतेला अर्थ नसतो. सरांनी किटली पाण्याने भरून रात्रभर कागदावर ठेवली आणि कोरड्या कागदाचा फोटो जोडला.

मग 'रंगमंच' या टोपणनावाच्या एका गृहस्थाने विचारले, 'त्यात चहा किती वेळ गरम राहतो?'

या प्रश्नाचा मापाशी संबंध काय, असा विचार सरांच्या मनात क्षणभर आला होता, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण समोर प्रयोग करण्याची संधी होती. त्यांनी किटलीत उकळते पाणी ओतले, तापमापी लावला, आणि पाणी कसकसे निवत गेले याचा आलेख काढून संकेतस्थळावर चढवला. तळाशी लिहिले: 'खोलीतील पंखा बंद होता.'

आलेख चढला आणि बोली वाढली. मेव्हण्याचा फोन आला.

"भावजी, काय केलंत काय? लोक भांडतायत तुमच्या तराजूवर!"

"समाजात अचूकतेची भूक आहे," सर गंभीरपणे म्हणाले. "ती आजवर कोणी भागवली नव्हती, इतकंच."

त्या रात्री जेवताना त्यांनी हेच बाईसाहेबांनाही ऐकवले. बाईसाहेब पदराने वारा घेत म्हणाल्या, "भूक भागली की तराजू न्यायला कोण येणार तेवढं विचारा. आणि सारखी माझी किटली कुठे नेता हो? सकाळी चहा पातेल्यात करावा लागला."

लिलाव 'रंगमंच' यांनी जिंकला. वस्तू नाजूक असल्याने ते स्वतः न्यायला येणार होते. सरांनी तराजू पुसला, पारडी अडकवून ठेवली, आणि कोणी पाहत नाही असे बघून साबण शेवटचा एकदा तोलला. निरोपाला विमावाले खाली आले, मेव्हणाही आला. आपल्या हातून पहिल्यांदाच काही घडत आहे, अशा थाटात दोघे टेबलाशी बसले.

पाहुणे उंच, सडपातळ, गळ्यात मोजपट्टी अडकवलेले होते. ते नाटकाचे नेपथ्यकार होते. रंगमंचावर घर उभे करणे हा त्यांचा धंदा. गळ्यातली पट्टी पाहून सरांना ते तत्काळ आवडले. मग त्यांचे लक्ष पाहुण्यांच्या हातातल्या खोक्याकडे गेले. आतून कापूस लावलेले, नीटनेटके, आणि फार तर भोपळा मावेल एवढे खोके.

"यात तराजू मावणार नाही," सर म्हणाले.

"तराजू कशाला?" नेपथ्यकार म्हणाले.

नेमक्या याच वेळी बाईसाहेब चहा घेऊन आल्या. किटलीतून. चोचीतून वाफ येत होती. नेपथ्यकार खुर्चीतून उठले.

"हे काय? तुम्ही ती वापरताय?"

"मग काय करायचं तिचं?" बाईसाहेबांनी विचारले.

"मॅडम, ती विकली गेलीय. मी घेतलीय. दुसऱ्याच्या वस्तूत चहा उकळताय तुम्ही!"

खोलीत इतकी शांतता पसरली, की काटा शून्यावर स्थिर झाला असता. बाईसाहेबांनी किटली टेबलावर ठेवली. कधी नव्हे ती किंचित आपटून ठेवली. मग त्या सरांकडे वळल्या.

"तुम्ही माझी किटली विकलीत?"

"मी किटली विकलेली नाही. मी किटली मापासाठी वापरली."

"सर," नेपथ्यकारांनी मोबाईल पुढे धरला, "प्रत्येक फोटोत किटली. तराजू धूसर, किटली स्पष्ट. तराजूवर चार ओळी, किटलीवर बारा. न गळण्याचा पुरावा कशाचा? किटलीचा. मुठीवरची चीर कोणाची? किटलीची. आणि हा आलेख! अहो, तराजू विकणारा माणूस किटली निवण्याचा आलेख कशाला काढेल? तुम्ही विज्ञानाचे आहात. तुम्हीच सांगा, समोर हा पुरावा असताना तुम्ही काय निष्कर्ष काढला असता?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. दुर्दैवाने ते प्रामाणिक होते.

"किटली," ते म्हणाले.

"घ्या!" विमावाले म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं, खाली खुलासा लिहा?"

"तुम्ही नाकाविषयी म्हणाला होतात."

"शीर्षकात तराजू आहे," मेव्हणा मध्ये पडला.

"शीर्षक वाचून मला वाटलं, तराजूही देतायत," नेपथ्यकार म्हणाले. "म्हटलं, नको असेल तर जिन्यात सोडून जाऊ."

महाविद्यालयाने तराजू मोडीत काढला तेव्हा सरांना जितके लागले नव्हते, तितके हे लागले. पेटीच्या काचेवरची नसलेली धूळ त्यांनी बाहीने पुसली.

मेव्हण्याने संकेतस्थळाच्या मदतनीसाला गाठले. मदतनीस माणूस नव्हता, यंत्र होते. त्याने पर्याय पुढे केले: वस्तू फुटली, वस्तू पोहोचली नाही, वस्तू आवडली नाही. 'खरेदीदाराने पार्श्वभूमी विकत घेतली' असा पर्याय नव्हता. सरांनी स्वतः सविस्तर निवेदन टंकले. उत्तर आले: 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो.' सरांनी कळवले की निवेदनात भावना नसून केवळ घटनाक्रम आहे. उत्तर आले: 'आपली समस्या सुटल्याचा आनंद आहे. आम्हाला किती स्टार द्याल?'

"भावजी, किटली देऊन टाका," मेव्हणा कुजबुजला. "याने तक्रार केली तर एकसुद्धा स्टार राहणार नाही. ताईला मी दुसरी आणून देतो, स्टीलची."

"स्टीलची तू तुझ्या डोक्यात घाल," बाईसाहेब म्हणाल्या. कुजबूज त्यांना नेहमीच उत्तम ऐकू येई.

सरांनी आधी किटलीकडे पाहिले, मग पत्नीकडे. पुरावा नेपथ्यकारांच्या बाजूने होता. वर्णन सरांचे होते, शब्द सरांचा होता, आलेखावर सही सरांची होती. आजवर पुराव्याच्या विरुद्ध ते कधीच गेले नव्हते. त्यांनी घसा साफ केला.

"किटली मिळणार नाही," ते म्हणाले. "कारण देता येणार नाही. तक्रार करा. स्टार सगळे कापा. वर्णनात दोष माझाच होता, तसं लेखी देतो."

बाईसाहेबांनी त्यांच्याकडे वळून पाहिले. कारण देता येणार नाही, हे वाक्य इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदाच ऐकले होते.

"बसा हो," त्या नेपथ्यकारांना म्हणाल्या, आणि त्यांच्या कपात चहा ओतला. "कशाला हवीय तुम्हाला एवढी?"

नेपथ्यकार बसले. नाटक होते एका उदास घराचे. नवरा-बायको दोन अंक एकमेकांशी बोलत नाहीत आणि मधोमध टेबलावर पिवळी किटली. बाकी सगळे करडे. अशी पिवळी त्यांनी गावभर शोधली होती.

"फेकाफेकी नाही ना तिची?"

"छे छे. नुसती ठेवायची. शेवटी बायको तिच्यातून एकच कप चहा ओतते."

बाईसाहेबांनी थोडा विचार केला. टेलिफोन खात्यात असताना त्यांनी याहून गुंतागुंतीच्या तारा जोडल्या होत्या.

"मग ऐका. लिलाव तराजूचा होता, शीर्षकात लिहिलंय. तुम्ही जिंकलात. तेव्हा तराजू तुमचा, तो आज न्यायचा. जिन्यात नाही सोडायचा. उदास घर आहे ना? नवरा बायकोशी बोलत नाही, तर बसून करतो तरी काय? तोलत बसू दे साबण. आणि प्रयोग असेल तेव्हा किटली मी स्वतः घेऊन येईन आणि स्वतः घरी नेईन. बघा जमतंय का."

नेपथ्यकारांनी पेटीकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. डोळे बारीक केले. गळ्यातली मोजपट्टी काढून टेबल मोजले.

"साबण कोणता?" त्यांनी सरांना विचारले.

तराजू टेम्पोतून गेला. खड्ड्यांविषयीच्या सूचना सरांनी चालकाला कागदावर लिहून दिल्या. मेहुणी आली, पंखा लागला, सगळे कोपर टेकून जेवले. सर दोन घास कमी जेवले, पण याची मापने उपलब्ध नाहीत.

पहिल्या प्रयोगाला बाईसाहेब किटली मांडीवर घेऊन टॅक्सीतून गेल्या आणि शेजारी सर बसले. नाटक खरोखरच उदास होते. पहिल्या अंकात प्रेक्षकांपैकी काही जण झोपले आणि काही त्यांच्याकडे हेव्याने पाहू लागले. दुसऱ्या अंकात मात्र नवऱ्याचे काम करणारा नट तराजूपुढे बसला, पेटीचे दार उघडले, चिमट्याने वजने मांडू लागला, आणि त्याच वेळी खिडकीचा पडदा हलावा म्हणून विंगेतून कोणीतरी मोठा पंखा सुरू केला.

काटा थरथरला. नटाचे लक्ष नव्हते. तो वजने मांडतच राहिला. सरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"अहो, नाटक आहे," बाईसाहेब कुजबुजल्या.

काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हेलकावे घेऊ लागला. नटाने मान हलवली, जणू त्याला उत्तर मिळाले होते. सर उभे राहिले.

"आधी पंखा बंद करा!"

आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा होता. नट गोठला. बायकोचे काम करणारी नटी, जी दोन अंकांत एक शब्द बोलली नव्हती, दचकून उठली, विंगेत जाऊन पंखा बंद करून आली आणि नवऱ्याला म्हणाली, "किती वर्षं हेच सांगतेय मी, की एक तर पंखा, नाहीतर तो तराजू." झोपलेले जागे झाले. सभागृह आधी हसले आणि मग टाळ्या थांबेनात. नटीने किटली उचलून एक कप चहा ओतला, आणि तो प्रेक्षकांतल्या सरांकडे पाहत उंच धरला.

प्रयोगानंतर सर दिलगिरी लिहूनच आत गेले. नेपथ्यकारांनी ती वाचली नाही. त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले आणि एवढेच विचारले, पुढच्या प्रयोगाला किटलीबरोबर आपणही याल ना? त्याच खुर्चीवर, त्याच वाक्यावर?

"तो हस्तक्षेप होता. त्याची पुनरावृत्ती करता येणार नाही."

"अहो, प्रयोग म्हणजे पुनरावृत्ती करता आलीच पाहिजे," बाईसाहेब म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंत ना पोरांना इतकी वर्षं?"

काही दिवसांनी मेव्हण्याचा ओरडतच फोन आला: भावजी, स्टार, सगळेच्या सगळे! सरांनी चष्मा लावून अभिप्राय उघडला. नेपथ्यकारांनी एकच ओळ लिहिली होती: 'फोटोत दिसलं ते सगळं मिळालं.'

सरांनी शंका आली म्हणून फोटो मोठा करून पाहिला. धुक्यात तराजू होता. लख्ख पिवळी किटली होती. आणि किटलीच्या पोटावर, मोबाईल धरून, घरच्या कपड्यांत, वाकलेला, मोठ्या नाकाचा एक गृहस्थ होता.

त्यांनी ते वाक्य पुन्हा तपासले. त्यात चूक सापडली नाही. टेबलावर किटली वाफाळत होती, डोक्यावर पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, आणि संध्याकाळच्या प्रयोगाला निघायची वेळ झाली होती.